मालनबाईचा रुसवा

"माझ्या कानावर काही नाही."

मालनबाई हे इतक्यांदा म्हणायची की पंचवटीतल्या तिच्या गल्लीत पोरं तिची नक्कल करायची. नळाला पाणी कधी येणार? माझ्या कानावर काही नाही. शेजारी काल भांडण कशावरून झालं? माझ्या कानावर काही नाही. गल्लीतल्या बायका म्हणत, ही बाई मोठी घुमी. मला ते ऐकून हसू येई आणि मग वाईट वाटे, कारण मी या मालनला लहानपणापासून ओळखतो, आणि घुमी म्हणावी अशी बाई आमच्या गावात जन्मली असेल तर ती ही नव्हे.

आमचं गाव सटाण्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. आमची बोली अहिराणी. तिच्यात माणूस 'आहे' म्हणत नाही, 'शे' म्हणतो, आणि सटाण्याच्या दोन बाजूंच्या गावांतली अहिराणीही सारखी नाही. मालनला ती सारी वेगवेगळी ऐकू यायची. एखादी सासुरवाशीण तोंड उघडायचा अवकाश, ही सांगायची, हिचं माहेर नदीच्या पलीकडे. विहिरीवरची मोटार सुरू झाली की म्हणायची, ही खालच्या मळ्यातली, हिला पाणी कमी लागतंय. आणि ऐकलं की सांगायची. ऐकणं आणि सांगणं या तिच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच. पाणी पाटात येतं आणि पुढच्या वाफ्यात जातं, तसं ते चालायचं. गावाला तिचं तोंड गोड वाटायचं. तिच्यामुळे कुणाचं दुखणं लपलं नाही आणि कुणाचा आनंद एकट्याचा राहिला नाही.

तिला दिली ती नाथाला. नाथा देवळाली कॅम्पात तोफखान्यात होता. तोफांनी त्याचे कान नेले. मालन त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन दिवसभराचं सगळं ओरडून सांगायची, तो मान हलवायचा, आणि अर्ध्या गोष्टींवर भलत्याच ठिकाणी हसायचा. त्यांना मूलबाळ झालं नाही. नाथा पोटाच्या दुखण्याने गेला, तेव्हा तिने पंचवटीत दोन खोल्या घेतल्या. थोड्याच दिवसांत तिच्या धाकट्या भावाने, सहादूने, आपली पोर वेदिका तिच्याकडे पाठवली. शाळेला, आणि पुढे नर्सिंगला. पोर येताना घाबरलेली होती, बसमध्ये उलटी झालेली. मालनने तिला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, आणि त्या दिवसापासून तिचं घर पुन्हा बोलायला लागलं.

मग ते काम आलं.

कॅम्पातल्या एका ओळखीच्या सुभेदाराने विचारलं, "वहिनी, तुमच्याकडची बोली लिहायला-वाचायला येणारी बाई हवी आहे. भाषांतराचं काम. सरकारी आहे." मालन शिकलेली होती, अक्षर चांगलं होतं. ती गेली. कॅम्पाच्या टोकाला झाडीत एक जुना बंगला होता, त्याच्यावर पाटी नव्हती. फाटकापाशी मोबाइल काढून घेतला. आत देवव्रत नावाचे तरुण साहेब बसले होते, फार अदबीने बोलणारे. त्यांनी तिच्याकडून सही घेतली आणि समजावलं:

"मालनताई, इथं काय ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही. इथं काही ऐकतात, हेही सांगायचं नाही. सांगाल तर तुम्ही अडकाल, आणि ज्याला सांगाल तोही अडकेल. हे काम सुटलं तरी हे बंधन सुटत नाही."

"म्हणजे मरेपर्यंत?"

साहेब हसले. "नंतरचं आम्ही बघत नाही."

हे सगळं मला कसं कळलं ते मला विचारू नये. गोष्ट सांगणाऱ्यालाही काही राखावं लागतं.

कामाला बसल्यावर कानांवर यंत्र चढवायचं. आधी एक परकी बाई इंग्रजीत आकडे बोले, थंडपणे, दवाखान्यात नंबर पुकारावा तशी. आणि मग त्या परक्या आवाजाच्या पाठोपाठ एकदम आपलं गाव बोलायला लागे. "भो, कसा शे?" "जेवना का?" "कांदा काय भाव गया?" आखातात कामाला गेलेली आमच्याकडची पोरं आणि घरी राहिलेले त्यांचे आईबाप. तोडलेले तुकडे, नावं-नंबर पुसलेले. मालनने ते मराठीत लिहून द्यायचे. पहिल्या दिवशी ती रडली. इतक्या लांबून, इतक्या खोलातून आपली बोली येते, याचंच तिला भरून आलं.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं की हा आवाज इथे पकडलेला नाही. समुद्राच्या तळाने तारा जातात, त्यांना कुठल्या तरी दुसऱ्या देशाने कान लावला आहे. त्यांच्या यंत्रांना जगातल्या मोठ्या भाषा येत असतील, अहिराणीपाशी ती अडली. म्हणून तो आवाज पुन्हा समुद्र ओलांडून देवळालीला आला. आपल्या माणसांवर कान ठेवायचा तर आपलाच कायदा आड येतो. म्हणून त्यांनी आपलं ऐकावं, आपण त्यांचं, आणि मग एकमेकांना द्यावं, म्हणजे 'आम्ही आमच्या लोकांचं ऐकत नाही' असं दोघांनाही छातीवर हात ठेवून सांगता येतं. असा काही व्यवहार असावा, असं तिला वाटे. एकदा दोन गोरे पाहुणे आले, तेव्हा सगळ्यांना मागच्या दाराने घरी पाठवलं होतं. विचारायचं कुणाला? बाजूच्या टेबलावर सुरगाण्याकडचा एक माणूस बसे. तो काय ऐकतो ते हिला ठाऊक नव्हतं, ही काय ऐकते ते त्याला नाही. दोघं डबा खाताना फक्त लोणच्याविषयी बोलत.

त्या माणसाने एके दिवशी साहेबांना सांगितलं, ओळखीचा आवाज आला तर कळवायचा नियम होता म्हणूनच सांगितलं, की साहेब, हा आवाज माझ्या मेव्हण्याचा आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची रिकामी झाली. पुढे उडत उडत कळलं, त्याच्या मेव्हण्याच्या पाड्यावर कोण कोण चौकशीला जाऊन आलं, आणि त्या घराशी अजून कुणी सोयरीक करत नाही. मालनने ते पाहिलं आणि धडा घेतला. ओळखीचा आवाज आला तरी ती मान वर करत नसे. तिचं ते वाक्य याच दिवसांतलं. गावी गेली की बायका भोवती जमत, "मालन, काय खबर व?" आणि ती डोळे दुसरीकडे वळवी. पाट बुजला तो बुजलाच.

वेदिका नर्स झाली. एका खासगी इस्पितळात लागली. स्थळं येऊ लागली, त्यात सटाण्याच्या कोंडाजी खैरनारांचं स्थळ आलं. कांद्याचे जुने व्यापारी, घर मोठं, मुलगा ओम मस्कतला नोकरीला. फोटोतला मुलगा वेदिकाला आवडला. दोनदा व्हिडिओवर बोलणं झालं. तो कमी बोलतो म्हणून तर तिला तो जास्तच आवडला. कोंडाजींची बायको भिमाबाई मुलगी बघायला आली तेव्हा मालनच्या हातचा चहा पिऊन म्हणाली, "पोर चांगली वाढवलीत बरं का. जन्म दिला नाही म्हणून काय झालं?" मालनला ती बाई आवडली. आवाज खणखणीत, दर दोन वाक्यांनंतर घसा खाकरायची सवय.

साखरपुड्याचा दिवस ठरला. आणि ठरल्यानंतरच्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, आकडे बोलणारी बाई थांबली आणि मालनच्या कानात कुणीतरी घसा खाकरला.

"तुन्हं सगळं ठरी गयं. रजा टाकी दे."

"माय, मी तुले पयलेच सांगेल शे. आठे मन्ही बायको शे. दिवाळीले पोर व्हई."

"ऱ्हाऊ दे तिले तठे. आठे कोनले दखास? पोर नाशिकनी शे, नर्सनं शिकेल, आत्यानी वाढायेल. तुन्हा बापनं दुखनं कोन काढी? तीच काढी. लगीन कर, चार दिन ऱ्हाय, नि जाय तुन्हा संसारले."

"नि तिले कळनं ते?"

"कोन सांगी? तू सांगशी का मी सांगसू?"

मग मुलगा म्हणाला, बरं. तुकडा संपला.

मालनने यंत्र उतरवलं नाही. पुढचा तुकडा सुरू झाला, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं होतं. तिने ते लिहिलं. मग मागे जाऊन आधीचंही लिहिलं, नियमाप्रमाणे, आपल्या चांगल्या अक्षरात: मुलाला तिकडे परदेशात बायको आहे, ती गरोदर आहे, आई त्याचं इथे दुसरं लग्न लावते आहे, मुलगी नर्स आहे म्हणून, वडिलांची सेवा करायला. घरी आली. वेदिका आरशासमोर हिरव्या बांगड्या हाताला लावून बघत होती.

"आत्या, ह्या जास्त गडद वाटतात का?"

"चांगल्या आहेत," मालन म्हणाली, आणि चूल नसलेल्या त्या घरात धूर झाल्यासारखे डोळे पुसत बाहेर गेली.

सहादू खरेदीला नाशिकला आला होता, त्याला तिने गाठलं. "मुलाची नीट चौकशी केलीस का रे? तिकडे कसा राहतो, कुणाबरोबर राहतो?"

"आक्का, दोन ठिकाणी केली. सगळे म्हणतात, निर्व्यसनी पोरगा. का गं? कुणी काही सांगितलं का?"

बस, एवढाच प्रश्न. त्याच्या पलीकडे जायला वाट नव्हती. ही गोष्ट मस्कतमधल्या घराबाहेर फक्त मायलेकांना ठाऊक होती. कुणी निनावी चिठ्ठी टाकली तरी मुलगा पहिल्यांदा हेच म्हणणार, फोन कुणी ऐकला? मग तो फोन बंद पडणार. बंगल्यातल्यांना आणि समुद्रापलीकडच्यांना ते दिसणार, आणि तो तुकडा कुणाच्या टेबलावर होता ते शोधायला त्यांना चहा थंड होईपर्यंतही वेळ लागणार नाही. वेदिकाला एकटीला घेऊन कानात सांगावं? तर साहेबांचं वाक्य: ज्याला सांगाल तोही अडकेल. पोरीला एका सापळ्यातून काढून दुसऱ्यात घालायचं, आणि दुसरा तर मरेपर्यंतचा.

"आक्का? मी काय विचारतोय?"

"माझ्या कानावर काही नाही," मालन म्हणाली.

तरी ती साहेबांकडे गेली. कुणी ओळखीचं आहे हे न दाखवता, लांबून लांबून बोलली. साहेब, एखाद्या तुकड्यात एखाद्या पोरीवर अन्याय होताना ऐकू आला तर? तो थांबवता येत नाही का कुणाला?

देवव्रत साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. "मालनताई, ते तुकडे आपले नाहीतच. ज्यांनी दिले ते म्हणतात, दिले नाहीत. आपण म्हणतो, घेतले नाहीत. आता जे नाहीच, त्यात अन्याय झाला हे मी वर कुणाला कळवू?" मग जरा थांबून, "कुणी ओळखीचं आहे का?"

"नाही साहेब. सहज आपलं."

"मग सोडून द्या. बाहेर उभं राहून भिंतीला कान लावला तर घरोघरी हेच ऐकू येईल."

ती परत जागेवर येऊन बसली.

आमच्याकडच्या लग्नकार्यात एक गोष्ट असते, जी कायद्यात नाही आणि कुणी लिहूनही ठेवलेली नाही. रुसवा. मानाच्या माणसाला रुसायचा हक्क असतो. आत्या रुसली, मामा रुसला, तर कार्य थांबतं. का रुसलात, याचं कारण खरं असावं लागत नाही. साडीचा काठ पुरतो, नाव घ्यायला उशीर झाला तेवढं पुरतं. सगळे मिळून समजूत काढतात, हसतात, आणि मग वर्षानुवर्षं त्या रुसव्याच्या गोष्टी सांगतात. कारण न सांगता 'नाही' म्हणायची तेवढी एकच जागा आमच्या लोकांनी ठेवली आहे. मालनला ती सापडली.

साखरपुडा पंचवटीतच होता, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. ओम रजेवर आलेला. खुर्चीत बसून फरशीकडे बघत होता. मालनने त्याला पहिल्यांदाच समोर पाहिलं. पोरगा देखणा होता, आणि बळी द्यायला आणलेल्या कोकरासारखा दिसत होता. तिच्या मनात आलं, हाही सुटायला वाट शोधतो आहे, याला सापडत नाही इतकंच.

वेदिकाची ओटी भरायला घेतली. त्याआधी आत्याचा मान. भिमाबाई साडी घेऊन पुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्यात विधवा बाईला मागे बसवायची पद्धत नाही. पोर हिने वाढवली, पहिला मान हिचा." बायकांनी माना डोलावल्या. चांगलंच बोलली होती ती.

मालनने साडीचा पदर चिमटीत धरला. "ही? ही तुमच्याकडे भांडी घासायला येते तिला द्या."

हॉलमध्ये हशा पिकला.

"अगं बाई, आत्याबाई रुसल्या!"

"रुसणारच! आत्या म्हणजे काय चेष्टा आहे?"

"पेढा भरवा आधी, पेढा! गोड झाल्याशिवाय उतरायचा नाही हा पारा."

भिमाबाईही हसल्या. आतून दुसरी साडी आली, भारी, जरीची. मालनने ती उलटी करून बघितली. "जर खोटी आहे." मग पैठणी आली. भिमाबाईंनी ती स्वतःच्या पेटीतून काढायला लावली होती, त्यांच्या धाकट्या जावेसाठी ठेवलेली. आता हसणाऱ्यांचा आवाज जरा कमी झाला. मालनच्या ध्यानात आलं: ही माणसं समजूत काढत राहिली, वाढवत राहिली, तर तिच्याजवळ कारणंच उरणार नव्हती.

"आक्का, पुरे आता," सहादू हळूच म्हणाला.

"पुरे काय? भिकाऱ्याला घालतात तसं एकेक पुढे टाकताहेत. या घरात माझी पोर नांदायची नाही."

"विहीणबाई," कोंडाजी खुर्चीतूनच बोलले. दुखण्याने त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुमच्या मनात काय आहे ते सांगा. जे म्हणाल ते करू."

जे म्हणाल ते! मालनने त्या आजारी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या आवाजात स्पष्ट होतं. तिच्या घशापर्यंत सगळं आलं. मस्कत, दिवाळी, पोर, माय. ओठ उघडले. भिमाबाईंनी घसा खाकरला, नेहमीसारखा, सवयीने, आणि मालनचे ओठ मिटले.

सहादूने डोक्यावरची टोपी काढली. वाकून ती बहिणीच्या पायांवर ठेवली. आमच्याकडे पुरुषाने टोपी पायावर ठेवली की त्याच्यापुढे काही उरत नाही; मग दगडानेही उठावं. हॉलमधल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

मालनने पाय मागे घेतले. टोपी फरशीवर राहिली. मग तिने चौरंगावरचं ओटीचं ताट, खण-नारळ-हळदकुंकवासकट, हाताने उलटं केलं.

नारळ घरंगळत पार दारापर्यंत गेला. कुणीही तो थांबवला नाही.

"उठा," कोंडाजी म्हणाले. फारसा न चढवलेला तो आवाज, पण सगळी मंडळी उठली. ओम उठला. त्याने मान वर केली, आणि सकाळपासून पहिल्यांदा वेदिकाकडे नीट पाहिलं, जरा वेळ, आणि मग जिन्याकडे निघाला. भिमाबाई मात्र मालनसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावर राग होता, आणि रागाच्या मागे काहीतरी मोजल्यासारखं चाललं होतं. त्याही गेल्या.

सहादू खाली वाकून टोपी झटकत होता. "आक्का," तो म्हणाला, "आज तू मला मेलीस. माझ्या पोरीच्या दाराशी पुन्हा दिसू नकोस. तुझं सामान ती घेऊन जाईल, म्हणजे तिचं सामान." त्याला नीट बोलताही येईना.

वेदिका पुढे आली, तिने आत्याचा हात धरला. तिच्या साडीवर कुंकू सांडलं होतं. "आत्या, का गं? खरं सांग. मला सांग फक्त."

मालनने तिच्याकडे पाहिलं. त्या कपाळावर तिने ताप आलेला असताना रात्रभर पट्ट्या ठेवल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी दही-साखर भरवली होती. ती पोर तिच्यावर रागावलेली नव्हती अजून. अजून ती कारणाची वाट बघत होती, आणि कारण मिळालं तर तिने सगळं माफ केलं असतं. तेच देता येत नव्हतं.

"साडी हलकी होती," मालन म्हणाली.

वेदिकाने हात सोडला. हळूच सोडला, एखादं भांडं खाली ठेवावं तसा.

मालन जिना उतरली. पायरीशी चपलांचा ढीग होता, त्यात वाकून तिने आपल्या शोधल्या. भाजीबाजार भरात होता. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होते, एक रिक्षावाला हातगाडीवाल्याशी हुज्जत घालत होता. तिने पदर डोक्यावर घेतला आणि गाड्यांच्या मधून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरत, बसथांब्याच्या दिशेने चालू लागली. कॅम्पाची बस तिथून सुटते. सुट्टी तिने अर्ध्या दिवसाचीच घेतली होती.

वर हॉलच्या गॅलरीत वेदिका कठड्याला धरून उभी होती. आतून सहादूने तिला हाक मारली, पुन्हा मारली. ती आत गेली नाही. खालच्या गर्दीत आत्याचा पांढरट पदर दिसत होता तोवर ती बघत राहिली. तिने हाक मारली नाही, आणि मालनबाईनेही मागे वळून पाहिलं नाही.